औषध पोचलं का?

कराडच्या फार्मसी कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर संध्याकाळी दोन तास भावाच्या मेडिकलमध्ये बसते. तिथं सर्वांत जास्त कानावर पडणारी तक्रार म्हणजे ‘औषध लागू पडत नाही.’ अशा वेळी मी आधी विचारते, औषध जिथं पोचायला हवं तिथं पोचलं का? या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं याच प्रश्नाभोवतीची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली.

प्रश्न : सासऱ्यांना (वय ७१) अकरा वर्षं इन्सुलिन चालू आहे. मीच टोचते. गेल्या उन्हाळ्यापासून साखरेचा मेळच लागत नाही. एका दिवशी ३१०, तर दुसऱ्या दिवशी पहाटे ६२ आणि अंगाला दरदरून घाम. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला. मामा म्हणतात, ‘बेंबीच्या डावीकडंच टोच, तिथं दुखत नाही.’ शेजारचे सांगतात, तोंडानं ओढायचं इन्सुलिन निघालंय. मामांनी चाळीस वर्षं बिडी ओढली, दोन वर्षांपूर्वी सोडली. पावसाळ्यात धाप लागते. त्यांना ते चालेल का? — एक सून, बार्शी

‘तिथं दुखत नाही’ हे वाचलं आणि मी पत्र बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. माझी आईही अगदी हेच म्हणायची. ती स्वतःच टोचून घ्यायची, बेंबीच्या उजवीकडं, रोज त्याच जागी. डोस २० युनिटवरून ४४ वर गेला तरी साखर उतरेना. एकदा तपासताना एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावरून सावकाश हात फिरवला आणि माझा हात धरून तिथं ठेवला. कातडीखाली लिंबाएवढा मऊ गोळा होता. कॉलेजात मी मुलांना औषधाचं शोषण शिकवत होते, आणि घरी आईच्या पोटाला कधी हात लावून पाहिला नव्हता. ते मला अजून लागतं. म्हणून तुम्हाला सांगते, शेजाऱ्यांचं नंतर बघू, आज रात्री मामांना उताणं झोपवा, बोटांना थोडं तेल लावा आणि पोटावरून हात फिरवा.

एकाच जागी वर्षानुवर्षं इन्सुलिन टोचलं की तिथली चरबी फुगते. त्या गाठीत सुई दुखत नाही, म्हणून माणूस परत परत तिथंच टोचतो. पण तिथून औषध रक्तात नीट उतरत नाही. कधी अडकून राहतं आणि साखर ३१० होते. कधी अवेळी सुटतं आणि पहाटे ६२ वर येते. तुम्ही लिहिलेला हेलकावा मला तरी तसाच दिसतो.

गाठ लागली तर एक गोष्ट फार सांभाळा. जागा बदलून चांगल्या कातडीत टोचायला लागलात की तेच औषध पूर्ण पोचेल, आणि वाढवलेला डोस मामांना झेपणार नाही. साखर एकदम कोसळेल. त्यामुळं आधी डॉक्टरांना गाठ दाखवा, ‘आता जागा बदलणार आहे, डोस किती कमी करू?’ असं स्पष्ट विचारा, आणि मगच बदला. पहिले काही दिवस पहाटेची साखर बघाच. ७० च्या खाली दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. नवी जागा आधीच्या जागेपासून बोटभर लांब घ्या. आठवडाभर पोटाची एक बाजू, पुढच्या आठवड्यात दुसरी, मग मांड्या. गाठीला मात्र काही महिने हात लावायचा नाही, ती हळूहळू बसते.

बाटलीतून काढून टोचता की पेननं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बाटली असेल तर सिरिंजचं टोपण बघा. आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक करून एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, त्याला लाल टोपणाची सिरिंज. पेनच्या काडतुसातलं १०० युनिटचं, त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपणाची. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत ओढलंत, तर पोटात जातात फक्त ८ युनिट. उलट काडतुसातलं औषध लाल सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत घेतलंत, तर ५० युनिट जातात, आणि त्यात जीव जाऊ शकतो. दुकानात सिरिंज मागताना रिकामी बाटली सोबत न्या. ‘इन्सुलिनची सुई द्या’ एवढंच म्हणू नका.

आता बार्शीचा उन्हाळा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पहिल्यासारखं दिसलं तरी टाकूनच द्यायचं. वापरात काढलेली बाटली साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालते, पण खोलीचं तापमान २५-३० अंशांच्या वर नसेल तरच. बार्शीत एप्रिल-मे महिन्यांत ते कुठलं जमायला! दिवसभर वीज जात असेल तर एका मडक्यात दुसरं लहान मडकं ठेवा, मधल्या जागेत ओली वाळू भरा, आणि बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा. पांढरट, दुधाळ इन्सुलिन असेल तर टोचण्याआधी बाटली दोन्ही तळव्यांत दहा वेळा घोळवा, दहा वेळा उलटसुलट करा. खाली बसलेला साका नीट मिसळला नाही, तर रोज वेगळाच डोस जातो.

तोंडानं ओढायच्या इन्सुलिनबद्दल शेजाऱ्यांनी सांगितलं ते खरं आहे. इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचं एक प्रथिन. गोळी करून गिळलं तर जठर ते डाळीसारखं पचवून टाकतं. म्हणून १९२२ सालच्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा ते दिलं गेलं तेव्हापासून सुई आहे. फुफ्फुसातून द्यायचा पहिला मोठा प्रयत्न २००६ साली अमेरिकेत बाजारात आला आणि दुसऱ्याच वर्षी कंपनीनं तो मागं घेतला. त्यानंतरचं ‘अफ्रेझा’ हे चूर्ण तिथं २०१४ साली मंजूर झालं, आणि आपल्या औषध नियंत्रकांनी त्याला डिसेंबर २०२४ मध्ये प्रौढांसाठी मान्यता दिली. ते झपाट्यानं चढतं आणि दीड ते तीन तासांत ओसरतं, म्हणजे जेवणापुरतं. दमा किंवा फुफ्फुसाचा जुनाट आजार असेल तर ते द्यायचंच नाही, श्वासनळ्या एकदम आवळू शकतात. चाळीस वर्षांची बिडी आणि पावसाळ्यातली धाप बघता मामांसाठी ते नाही. त्यांची फुफ्फुसं मात्र एकदा तपासून घ्या. तो वेगळा आजार असेल तर त्यावरही उपचार हवेत.

प्रश्न : मला (वय ५४) मधुमेहासाठी सेमाग्लुटाइडची गोळी दिली आहे. महागडी आहे. तीन महिने रोज सकाळी सहाला चहाबरोबर घेते, थायरॉइडची गोळीही तेव्हाच. साखर आणि वजन दोन्ही जागच्या जागी. इंजेक्शनच चांगलं असतं का? — एक वाचक, पुणे

घोटाळा चहात आहे. हेही इन्सुलिनसारखंच पचून जाणाऱ्या जातीचं औषध. ते गोळीतून देता यावं म्हणून त्यात स्नॅक नावाचा एक क्षार घातलेला असतो. गोळी जठराच्या भिंतीला टेकून विरघळते, हा क्षार तेवढ्याच जागेतलं आम्ल थोपवतो आणि औषधाला तिथूनच आत शिरायला वाट करून देतो. एवढं करूनही शंभरातला जेमतेम एक भाग रक्तात उतरतो. हिशेब बघा : इंजेक्शन आठवड्याला १ मिलिग्रॅम, तर गोळी रोज १४, म्हणजे आठवड्याला ९८ मिलिग्रॅम. शंभरातला तो एक भाग मिळावा म्हणून गोळी पूर्ण उपाशीपोटी, अर्ध्या कपाहून कमी साध्या पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. त्यानंतर किमान अर्धा तास चहा नाही, खाणं नाही, दुसरी गोळीही नाही. चहा प्यायलात की गोळी भिंतीपासून सुटून जठरात पसरते आणि तो एक भागही हातचा जातो.

थायरॉइडच्या गोळीलाही उपाशीपोटच लागतं, शिवाय सेमाग्लुटाइड तिचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. दोन्हींच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि थायरॉइडची तपासणी पुन्हा करा. इंजेक्शनचा विचार महिना-दोन महिने गोळी नीट घेऊन पाहिल्यावर करा. सकाळचा चहा अर्धा तास पुढं ढकलणं किती जड जातं ते मला माहीत आहे, पण या गोळीचे पैसे त्या अर्ध्या तासातच वसूल होतात.

प्रश्न : पत्नीला दमा आहे. डॉक्टरांनी ओढायच्या कॅप्सूल दिल्या. पंपाची सवय लागते असं ऐकल्यानं ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळते. गुण नाही. — सेवानिवृत्त एसटी कर्मचारी, चिपळूण

वहिनी गिळतात ती कॅप्सूल पोटात जाते, फुफ्फुसात नव्हे. आमच्या दुकानात हे वर्षाला दोन-तीनदा तरी दिसतं, आणि दोष मी देणाऱ्यांना देते. डबीवर कॅप्सूल म्हटलं की माणूस गिळणारच. दुकानदारानं यंत्र हातात घेऊन, कॅप्सूल आत ठेवून, फिरवून फोडून आणि ओढून दाखवलं पाहिजे.

सवयीचं म्हणाल, तर आकडे बघा. ओढायच्या स्टिरॉइडचा, म्हणजे श्वासनळ्यांची सूज उतरवणाऱ्या औषधाचा, एक डोस २०० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे मिलिग्रॅमचा पाचवा भाग. दमा उसळल्यावर द्याव्या लागणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या ३०-४० मिलिग्रॅमच्या, आणि त्या सगळ्या अंगभर फिरतात. पंप घेतल्यानं सवय लागत नाही. दमा जुनाट असतो म्हणून औषध रोज लागतं, जसं रक्तदाबाचं लागतं.

चुर्णाच्या यंत्रातून जोरात आणि खोल ओढायचं. फवाऱ्याच्या पंपातून मात्र सावकाश ओढून दहा आकडे श्वास धरायचा. नेमकं उलटं केलं जातं, म्हणून मुद्दाम लिहिते. फवारा असेल तर पुढं प्लास्टिकचा फुगीर स्पेसर लावा, नाहीतर बरंचसं औषध घशातच बसतं. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवा आणि न पुसता वाळू द्या. फडक्यानं पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध त्यालाच चिकटतं. प्रत्येक वेळी चूळ भरून थुंका.

वहिनींना एक गोष्ट सांगा. १९५५ साली अमेरिकेत एका औषध कंपनीच्या प्रमुखाची तेरा वर्षांची मुलगी दम्यानं त्रासलेली होती. तिनं वडिलांना विचारलं, केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डबीत का भरत नाही? पुढच्या वर्षी पहिला पंप बाजारात आला.

प्रश्न : आईला अंडाशयाचा कर्करोग आहे. आजार उलटल्यावर डॉक्टरांनी ‘लायपोसोमल’ डॉक्सोरुबिसिन सुचवलं. साधं लाल औषध कितीतरी स्वस्त मिळतं. औषध तेच, तर एवढे पैसे कशाचे? ही नुसती नावाची किंमत तर नाही ना? — एक मुलगा, अमरावती

तुम्ही विचारलंत हे बरं केलंत. पैसे वेष्टनाचेच आहेत, पण हे वेष्टन औषधाची वाट बदलतं.

१९६० नंतरच्या वर्षांत केंब्रिजजवळ अ‍ॅलेक बँगहॅम नावाचे रक्ततज्ज्ञ पेशींच्या आवरणातले स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. त्या पदार्थांनी आपण होऊन पोकळ बुडबुडे केले, आत पाणी आणि भोवती स्निग्ध भिंत. हेच लायपोसोम. पुढं त्यात औषध भरायची कल्पना निघाली, आणि १९९५ साली अमेरिकेत असं डॉक्सोरुबिसिन मंजूर झालं. बुडबुडा मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा असतो. निरोगी रक्तवाहिनीच्या भिंतीतून तो सहज बाहेर पडत नाही. गाठीतल्या घाईनं वाढलेल्या वाहिन्यांना फटी असतात, तिथून तो झिरपतो. साधं लाल औषध हृदयाच्या स्नायूपर्यंत सहज पोचतं आणि डोस साठत गेले की हृदय दुबळं करतं. बुडबुड्यातलं तिथं कमी पोचतं. केसही सहसा कमी जातात.

पण एक खरं सांगायला हवं. गाठ मारण्यात ते दर वेळी साध्याहून सरस ठरतं असं नाही. फटींमधून झिरपण्याची ही युक्ती उंदरांत जितकी छान चालते तितकी माणसांत सगळीकडं चालत नाही. त्याचा भरवशाचा फायदा हृदयाला आहे. म्हणून डॉक्टरांना विचारा, आईचं हृदय कसं आहे, आधी हे लाल औषध किती झालंय, आणि यापेक्षा स्वस्त दुसरा पर्याय तिच्या बाबतीत आहे का. हे विचारायला संकोच करू नका.

बुडबुडे तळहात-तळपायांच्या कातडीतही उतरतात. तिथं लाली, आग आणि सालटं निघणं हा या औषधाचाच त्रास आहे. सलाइननंतर काही दिवस आईला गरम पाण्यात भांडी घासू देऊ नका, घट्ट चपला नकोत, तळव्यांना चोळून मालिश नको. हात लाल दिसले की पुढच्या तारखेची वाट न बघता कळवा.

आणि लेबल वाचा, रोज, प्रत्येक बाटलीचं. साधं आणि लायपोसोमल ही एकमेकांच्या जागी चालणारी औषधं नाहीत. दुसरं उदाहरण देते. २०२१ साली म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) आला तेव्हा अ‍ॅम्फोटेरिसिन हे नाव महाराष्ट्रात घराघरांत पोचलं. ते बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतं. पण आपल्या पेशींचं आवरण बरंचसं तसंच असल्यानं साधं अ‍ॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडांवर उठतं आणि थंडी वाजून ताप येतो. लायपोसोममध्ये ठेवलेलं बरंच सोसवतं. साधं रोग्याच्या वजनाच्या किलोमागं १ मिलिग्रॅमच्या आसपास, दीडच्या वर कधीच नाही. लायपोसोमल मात्र ३ ते ५ मिलिग्रॅम. डोस एकाचा आणि बाटली दुसऱ्याची झाली तर रोगी दगावतो. त्या मे महिन्यात लायपोसोमल मिळेना म्हणून लोक रात्री अकराला आमच्या शटरवर थापा मारत. ‘साधं असेल तर तेच द्या’ म्हणत. मी प्रत्येकाला कागदावर मोठ्या अक्षरांत ‘साधं’ असं लिहून द्यायची, वॉर्डात दाखवायला.

हे बुडबुड्यांचं तंत्र आपल्याकडं कधीपासून आहे हे पुष्कळांना ठाऊक नसतं. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठात बिमल बच्छावत यांनी मिळून भारतीय लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन घडवलं, आपल्या रुग्णांवर तपासलं आणि ते बाजारात आलं. मी वर्गात हा धडा परदेशी उदाहरणावरून कधीच सुरू केला नाही. परळपासून सुरू करायची.

जाहिरातींत ‘नॅनो हळद’, ‘नॅनो कॅल्शियम’ दिसतं त्याच्याशी याचा संबंध जोडू नका. तुमच्या आईच्या औषधामागं रुग्णांवरच्या चाचण्या आहेत. त्या डब्यांवर नुसता शब्द छापलेला असतो.

प्रश्न : मी नववीत आहे. सुई बघितली की मला चक्कर येते. मुंबईच्या आयआयटीत बिनसुईचं इंजेक्शन केलंय असं वाचलं. ते कधी येईल? — एक विद्यार्थी, संगमनेर

वाचलंस ते खरं आहे. आयआयटी मुंबईच्या विमान-अवकाश विभागातल्या संशोधकांचं हे काम २०२५ साली लोकांसमोर आलं. दाबाखालचा नायट्रोजन वायू एका बारीक नळीत सोडून ते धक्कालहर तयार करतात, आणि त्या लहरीनं औषधाची बारीक धार सुसाट वेगानं कातडीत शिरते. कातडीला पडणारं छिद्र केसाएवढं. त्यांनी भुलीचं औषध, बुरशीवरचं औषध आणि इन्सुलिन अशा तिन्हींवर प्रयोग केले, पण उंदरांवर. माणसांवरच्या चाचण्या, मान्यता आणि कारखाना हा पुढचा रस्ता लांबचा आहे.

साध्या स्प्रिंगच्या जोरावर चालणारी बिनसुईची यंत्रं मात्र माणसांसाठी वापरली गेली आहेत. २०२१ साली मान्यता मिळालेली झायकोव्ह-डी ही करोनाची लस तशी द्यायची होती, आणि पुण्याच्या जिनोव्हा कंपनीची २०२३ सालची लसही.

तुझं सोळाव्या वर्षीचं धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन बहुतेक सुईनंच होईल. उपाशी जाऊ नकोस. सिस्टरना आधीच सांग, ‘मला चक्कर येते, मी आडवा होतो.’ पडल्यावर दोन्ही मांड्या आणि पोटऱ्या ताठ आवळून धर, दहा-पंधरा आकडे मोज, सोड, पुन्हा आवळ. त्यानं रक्तदाब उतरत नाही. टोचायचा हात तेवढा सैल ठेव, आणि झाल्यावर दहा मिनिटं उठू नकोस.